हवेचे सज्जन, बिनहवेचे दुर्जन?

वरुड-मोर्शीच्या संत्राबागांपासून पातूर-बाळापूरच्या कपाशीपर्यंत कुठेही सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की एक सिद्धान्त हमखास ऐकू येतो. जिवाणूंचे म्हणे दोनच वर्ग. ज्यांना हवा लागते ते आपले, ज्यांना ती सोसत नाही ते वैरी. पहिले माती जिवंत ठेवतात, दुसरे ती नासवतात. शिबिरातला मार्गदर्शक फळ्यावर दोन रकाने आखून हेच शिकवतो, जिवाणू-खताचा विक्रेता गिऱ्हाइकाला हेच पटवतो, आणि बांधावरचा म्हातारा आपल्या परीनं दुजोरा देतो : "हवा लागली पाह्यजे बा, नाहीतं सडते." शाळेच्या पुस्तकातून आलेलं अर्धं ज्ञान आणि वावरातून आलेला अर्धा अनुभव एकमेकांना असे चिकटले की ते मत उपटणं कठीण होऊन बसतं.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडन फुकट जातं, म्हणून तो आधी नीट मांडतो. त्याचे पाय चार. पहिला नाकाचा : तुंबलेली नाली, सेप्टिक टाकी, पाण्याखाली कुजलेला पाला यांना घाण येते, उलट पहिल्या सरीनं भिजलेल्या वावराचा वास हवाहवासा वाटतो, आणि तो वास ज्या जिवाणूंमुळे येतो ते हवेवर जगणारे आहेत. दुसरा रोगाचा : धनुर्वाताचा जिवाणू हवा टाळतो आणि खोल जखमेत वाढतो. तिसरा मुळांचा : काळ्या रानात आठ दिवस पाणी तुंबलं की तूर उभ्याउभ्या माना टाकते. चौथा हिशेबाचा : ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऑक्सिजनच्या साहाय्यानं जुन्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे ३८, आणि आजच्या हिशेबानं ३० ते ३२ एटीपी (पेशीतल्या ऊर्जेची नाणी) मिळतात, ऑक्सिजनवाचून नुसत्या किण्वनात हाती लागतात दोन. तेव्हा एक कर्तबगार आणि दुसरा कुचकामी, हे निसर्गानंच ठरवून टाकलं आहे, असं म्हणतात.

यातलं एकही निरीक्षण खोटं नाही. खोटा आहे तो त्यांवरून काढलेला निष्कर्ष.

ही विभागणी मुळात कशाची, ते आधी पाहू. १८६१ साली लुई पाश्चर ब्युटिरिक आम्लाच्या किण्वनाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. थेंबाच्या कडेला, जिथे हवा लागत होती, तिथले जिवाणू निपचित पडले होते. मधल्या भागातले वळवळत होते. हवेविना प्राणी जगत नाही, हवेत तर तो जगतोच, ही सगळ्यांची समजूत त्या एका थेंबात मोडली. पण पाश्चरला दिसली ती दोन टोकं. मधला पट्टा पुढे उघडत गेला, आणि मोठी वस्ती त्या मधल्या पट्ट्यात निघाली. काही जिवाणू हवा असेल तर हवेवर जगतात, नसेल तर बिनहवेचं चालवून घेतात. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा त्यातलाच. काहींना ऑक्सिजन हवा असतो, पण अगदी थोडा. वातावरणातला एकवीस टक्के त्यांना मारक ठरतो. काही तर ऑक्सिजनला अजिबात हात लावत नाहीत, पण तो आजूबाजूला असला म्हणून त्यांचं काही बिघडतही नाही. दह्याचे जिवाणू या शेवटच्या गटातले. आता सांगा, रोजच्या ताटातलं दही फळ्यावरच्या कुठल्या रकान्यात टाकायचं?

खरा फरक आहे तो शेवटच्या इलेक्ट्रॉनचा. अन्न फोडून ऊर्जा काढायची म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी पदरात टाकावे लागतात. ऑक्सिजन हा सगळ्यांत हावरा घेणारा, म्हणून त्या व्यवहारात ऊर्जा सगळ्यांत जास्त सुटते. तो नसेल तर काही जिवाणू नायट्रेटला इलेक्ट्रॉन देतात, काही सल्फेटला, काही लोहाला. हेही श्वसनच आहे, फक्त ऑक्सिजनवाचूनचं. आणि नायट्रेटवर चालणाऱ्या श्वसनात मिळणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या बरीच जवळ जाते. म्हणजे ३८ विरुद्ध २ हा सामनाच लबाड आहे, कारण त्यात बिनहवेच्या बाजूनं फक्त किण्वन करणारा उभा केलेला असतो. बाहेरचा कुणी घेणाराच नसला की अन्नाचाच एक तुकडा दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन घेतो, ते किण्वन. लोणारच्या सरोवराकाठी काळ्या चिखलाला सडक्या अंड्यांचा दर्प येतो. तो आळशी जिवाणूंचा कारभार नाही. सल्फेटवर श्वास घेणाऱ्यांचा आहे, आणि तोही इतक्या अल्कधर्मी पाण्यात की जिथे मासा जगत नाही.

रोगाचा पाय सगळ्यांत आधी निखळतो. धनुर्वाताचा क्लॉस्ट्रिडियम कडक विनॉक्सिजीवी, म्हणजे ऑक्सिजन न सोसणारा, आहे हे खरंच. कितासातोनं १८८९ मध्ये तो हायड्रोजन वायूत वाढवूनच शुद्ध स्वरूपात मिळवला. पण क्षयाचा जिवाणू? तो कडक ऑक्सिजीवी. फुप्फुसाच्या वरच्या भागात तो बहुधा घर करतो, आणि तिथे ऑक्सिजन मुबलक असतो हे त्याचं एक मान्य कारण आहे. आपल्या जिल्ह्यांत आजवर क्षयानं जास्त माणसं नेली की धनुर्वातानं, हे कुठल्याही जुन्या डॉक्टरला विचारावं. शेतात या. लिंबाच्या पानाफळांवर खडबडीत तपकिरी फोड आणणारा खैऱ्या आणि कपाशीच्या पानांवर कोनाकोनाचे ठिपके पाडणारा जिवाणूजन्य करपा, या दोन्ही रोगांचे कर्ते झँथोमोनास वंशातले आणि दोघेही पक्के हवाजीवी. हवेवर जगणारा तो मित्र, हे सूत्र घेऊन लिंबाच्या बागेत गेलेला माणूस झाडालाच मुकेल.

आता जीवामृताचा ड्रम. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी ही कृती देशभर नेली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गायीचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. त्याचा पिकाला उपयोग होतो की नाही, हा माझा आजचा मुद्दा नाही. ढवळण्याची जी फोड शिबिरांत केली जाते तेवढीच तपासतो. म्हणे ढवळल्यानं हवा आत जाते, हवेवरचे उपकारक जिवाणू वाढतात आणि बिनहवेचे मरतात.

हिशेब करू. तीस अंश तापमानाला पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त विरघळतो लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम. अकोल्याच्या उन्हाळ्यात पाणी चाळिशीला पोचलं तर त्याहूनही कमी. म्हणजे दोनशे लिटरच्या ड्रमात, तो अगदी काठोकाठ हवेनं तृप्त झाला तरी, दीड ग्रॅम ऑक्सिजन. दोन दिवसांत चार वेळा ढवळलं आणि दर वेळी ड्रम पूर्ण तृप्त झाला असं उदारपणे धरलं, तरी एकूण सहा ग्रॅम. आता खर्चाची बाजू. साखरेचा एक ग्रॅम हवेवर पूर्ण जाळायला एक ग्रॅमहून थोडा जास्तच ऑक्सिजन लागतो. दोन किलो गुळाला दोन किलोच्या आसपास. बेसन आणि शेण वेगळंच. जमा सहा ग्रॅम, खर्च दोन हजार ग्रॅम. पृष्ठभागावरून आपोआप काय शिरेल म्हणाल, तर ऑक्सिजन पाण्यात हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. ड्रमाच्या तोंडाएवढ्या वर्तुळातून दोन दिवसांत येऊन येऊन किती येणार?

तेव्हा काठी बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात ड्रमातला ऑक्सिजन संपतो आणि पुढचे बारा तास आत बिनहवेचंच राज्य चालतं. तिसऱ्या दिवशी झाकण काढल्यावर नाकाला जो आंबूस वास लागतो, तो त्याच राज्याचा. आणि ते स्वाभाविक आहे, कारण शेण आलंय कुठून? गायीच्या पोटातून. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात दर मिलिलिटर रसात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात, आणि ते जवळपास सगळे विनॉक्सिजीवी. ते इतके हवाद्वेष्टे की प्रयोगशाळेत त्यांना वाढवायची रीत विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेटनं बसवली, तेव्हा कुठे त्यांची नीट ओळख पटली. कडबा आणि कुटार यांतला सेल्युलोज गायीला स्वतःला पचवता येत नाही. तो हेच पचवतात. अचलपूरकडची एलिचपुरी म्हैस वाळक्या कुटारावर दूध देते ते या 'दुर्जनां'च्या जिवावर. ते दूध प्यायचं, त्या शेणाला पवित्र मानायचं आणि ज्यांनी ते घडवलं त्यांना मातीचे शत्रू म्हणायचं, हे काही जुळत नाही.

मग ढवळायचंच नाही का? जरूर ढवळावं. बेसनाचे गोळे फुटतात, तळाचा गाळ वर येतो, कोंडलेला वायू निघून जातो. कारण बरोबर नसलं म्हणून कृती चूक ठरत नाही. पण जे घडत नाही ते घडतं म्हणून सांगू नये.

सिद्धान्ताला सर्वांत अवघड प्रश्न विचारतं ते सोयाबीनचं रोप. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी ते मुळासकट अलगद उपटा, माती झटका. मुळांवर मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या गाठी दिसतील. एखादी नखानं फोडली की आत मांसासारखा लालसर रंग. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा आहे, आणि तो तिथे का आहे यातच सगळी गंमत आहे. गाठीत राहणारा जिवाणू ब्रॅडीरायझोबियम श्वासाला ऑक्सिजन घेतो. पण हवेतलं नत्र पकडून अमोनिया करणारं त्याचं विकर, नायट्रोजिनेज, ऑक्सिजन लागताच निकामी होतं. एकाच पेशीत एका कामाला ऑक्सिजन हवा आणि दुसऱ्याला नको. झाडानं तोडगा काढला : लाल द्रव्य ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि जिवाणूच्या श्वासापुरताच, मोजून मोजून पोचवतं, मोकळा ऑक्सिजन गाठीत जवळजवळ शून्य राहतो. शेताला नत्र मिळतं ते या बेतलेल्या गुदमरण्यातून. पुडीत विकला जाणारा ॲझोटोबॅक्टर तर मातीत मोकळा राहणारा पक्का हवाजीवी. तो तेच विकर वाचवण्यासाठी साखर भराभरा जाळत सुटतो, म्हणजे आत आलेला ऑक्सिजन आतच संपावा. नत्राची ही कला मुळात ऑक्सिजनशिवायच्या पृथ्वीवर जन्मली. ऑक्सिजनवाल्यांनी ती वारसाहक्कानं घेतली आणि अजून लपवून लपवून वापरताहेत. मातीत मोकळेपणी नत्र बांधणारा पहिला जिवाणू विनोग्राड्स्कीला १८९० च्या दशकात सापडला तोही क्लॉस्ट्रिडियम, धनुर्वातवाल्याचा सख्खा चुलतभाऊ. बायेरिंकचा ॲझोटोबॅक्टर १९०१ मध्ये, मागाहून आला.

मुळांचा युक्तिवाद त्यामानानं खरा आहे. मुळाला हवा लागते, आणि रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरा असं कृषी विद्यापीठ सांगतं ते योग्यच सांगतं. पण पाणी तुंबल्यावर कपाशी पिवळी पडते, त्यात नत्र हरवण्याचाही वाटा असतो, आणि ते कसं हरवतं हे पाहिलं तर गुन्हेगार एकटा सापडत नाही. युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो. अमोनियाचं नायट्रेट करतात ते कट्टर हवाजीवी. नायट्रेट पाण्याबरोबर हलतं, निसटतं. मग पाऊस लागून राहिला आणि भारी मातीची ढेकळं आतून बंद झाली की तिथले जिवाणू ऑक्सिजन सोडून याच नायट्रेटवर श्वास घेऊ लागतात, आणि नत्र वायू होऊन उडून जातं. काही भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून जातो, जो तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पटीनं भारी. हे करणारे बहुतेक जण बाहेरचे चोर नव्हेत. हवा असताना तेच हवेवर जगत होते. सोयाबीनच्या गाठीतला आपला ब्रॅडीरायझोबियमसुद्धा प्रसंगी हे करतो. एक जिवाणू सोमवारी नत्र आणतो आणि आठवडाभराच्या झडीनंतर तोच ते घालवतो. त्याला सज्जन म्हणावं की दुर्जन?

खताच्या बाबतीत तर आपल्या मुलुखाजवळ दोन्ही पंथांचा इतिहास आहे, पण तो सांगताना एकच पंथ सांगितला जातो. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ढीग उलटेपालटे करून हवेवर कुजवण्याची रीत बसवली. त्यांची अडचण आपलीच होती : पऱ्हाटी. कपाशीच्या कडक काड्या कुजेनात, म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरून घेतल्या जात. वाडांचं नाव पुस्तकावर हॉवर्डच्या नावाशेजारी छापलेलं असून आपल्याकडे कुणी घेत नाही, हे जाता जाता नोंदवतो. पुढे १९३९ मध्ये बंगलोरला सी. एन. आचार्य यांनी दुसरी रीत दिली : सुरुवातीचे आठ-दहा दिवस हवेवर, मग चिखलानं लिंपून बंद. वेळ दुप्पट लागतो, पण उलथापालथीची मजुरी वाचते आणि नत्रही कमी उडतं. आणि पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांचं नाडेप टाकं? दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच. विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं. म्हणून ते हवेच्या पंथाचं मानतात. पण वरून ते शेणमातीनं लिंपायचं असतं आणि तीन-चार महिने उलटायचं नसतं. भोकाजवळ हवा, पोटात अंधार. हे टाकं यशस्वी झालं ते दोघांना जागा दिल्यामुळे.

चौथा, हिशेबाचा पाय इथे उलटा पडतो. हवेवर कुजणाऱ्या ढिगात हात घातला तर चटका बसतो. आतलं तापमान साठ अंशांच्या वर जातं. ती ऊर्जाच आहे, जिवाणूंनी खाऊन उरलेली उष्णता, जी वाऱ्यावर जाते. बिनहवेचे किण्वन करणारे जिवाणू दोनच एटीपीवर भागवतात, म्हणजे बाकीची ऊर्जा ते मिथेनमध्ये तशीच सोडतात. त्यांच्या गरिबीवर आपली चूल पेटते. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून वायू काढला गेला. साठच्या दशकापासून खादी ग्रामोद्योग आयोगानं तरंगत्या टाकीचं गोबरगॅस संयंत्र गावोगाव नेलं. त्यातला वायू निम्म्याहून अधिक मिथेन असतो, आणि नत्र बहुतांशी मळीत शिल्लक राहतं. (काटेकोर बोलायचं तर शेवटची मिथेनची पायरी जिवाणू करतच नाहीत, ते आर्किया, १९७७ पासून वेगळं घराणं मानलेले. पण ते ज्यावर जगतात ते अन्न विनॉक्सिजीवी जिवाणूच शिजवून देतात.) ही मळी "सडकी" म्हणून नाकारणारे, आणि मग उन्हात वाळत घालून तिचा अमोनिया उडवून टाकणारे, मी दोन्ही पाहिले आहेत. ओलीच सरीत सोडून मातीनं झाकावी.

विरुद्ध पक्षाचं एक म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करतो. बंद टाकीतला वायू माणूस मारतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो; प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास थांबतो. वायू गेला असं समजून खाली उतरलेला माणूस वर येत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत सफाईला उतरवण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी बातम्या येतच असतात. तसंच, पावसात भिजणारा उघडा उकिरडा मिथेन हवेत सोडतो, तो काही चुलीत जळत नाही. त्याचं नुकसान खरं आहे. पण ही दोन्ही उदाहरणं जिवाणूच्या स्वभावाबद्दल काही सांगत नाहीत. टाकी कुणी बांधली, वायूला वाट कुठे ठेवली आणि आत कुणाला उतरवलं, याबद्दल सांगतात.

उरला तो शेवटचा बचाव, जो मला वारंवार ऐकवला जातो : "शेतकऱ्याला एवढं गुंतागुंतीचं कसं सांगणार, म्हणून सोपं करून दोन रकाने पाडतो." वऱ्हाडातल्या शेतकऱ्याबद्दल हे बोलणाऱ्याला त्याच्या गोठ्यामागची जागा दाखवली पाहिजे. तिथे एका बाजूला तुरीचं कुटार कोरडं आणि मोकळं रचलेलं असतं. ओल धरली तर बुरशी येईल म्हणून वर ताडपत्री. दुसऱ्या बाजूला मक्याचा मूरघास. हिरवा मका कुट्टी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचा आणि थराथराला पायांनी तुडवून हवा काढायची, कारण हवा राहिली तर तो नासतो. आत दह्याच्या जातकुळीतले जिवाणू आम्ल तयार करतात, सामू चारच्या आसपास उतरतो आणि दीड महिन्यानं जनावर आवडीनं खाईल असा चारा मिळतो. पिशवीला भोक पडलं तर तेवढ्या भागात पांढरी-हिरवी बुरशी धरते. तो भाग काढून फेकायचा, गाभण म्हशीला तर मुळीच घालायचा नाही, आणि भोकावर लगेच चिकटपट्टी मारायची, हे त्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतं.